आळ : एका वसतिगृहातल्या झडतीचं प्रकरण

‘खोली नंबर सहापासून बघा.’

हे वाक्य माझं आहे. डिसेंबर २०२२ मधली थंडी, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं मुलांचं वसतिगृह, वेळ संध्याकाळी साडेसातच्या आसपास. मी तिथे रेक्टर होतो. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचं आणि रात्री ६२ पोरं सांभाळायची, असा दुहेरी कारभार. या प्रकरणात पोलीस नाहीत, कोर्ट नाही, कुठल्याही वहीत एका ओळीची नोंद नाही. तेच या प्रकरणाचं मूळ दुखणं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. मुलाचं नाव देणार नाही, कॉलेजचंही नाही.

त्याआधी बारा दिवस आम्ही ‘जय भीम’ बघितला होता. आम्ही म्हणजे सगळ्या वसतिगृहानं. हॉलमधल्या टीव्हीला एका पोराच्या मोबाइलवरचं अकाउंट जोडलं, हिंदी आवृत्ती लावली आणि पावणेतीन तास सतरंजीवर बसून राहिलो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला, टी. जे. ज्ञानवेल यांनी दिग्दर्शित केलेला तमिळ चित्रपट. तमिळनाडूत १९९३ मध्ये राजाकण्णू नावाच्या माणसावर दागिने चोरल्याचा आळ आला, पोलिसांनी त्याला उचललं, कोठडीत मारलं आणि तो पळून गेल्याची गोष्ट रचली. त्याच्या बायकोच्या बाजूनं के. चंद्रू हे वकील मद्रास उच्च न्यायालयात उभे राहिले. पुढे ते त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. सूर्या या नटानं त्यांचं काम केलंय. चित्रपटात राजाकण्णू इरुळर जमातीचा दाखवलाय, प्रत्यक्षातला कुरवर समाजातला होता. हा बदल त्या समाजातल्या काहींना रुचला नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्याचं दुःख, त्याचं नाव तरी त्याच्याकडे राहू द्यावं.

चित्रपट सुरू होतो तो तुरुंगाच्या दारात. सुटून बाहेर येणाऱ्या माणसांना अधिकारी जात विचारतो. काहींना म्हणतो, जा घरी. काहींना बाजूला उभं करतो, आणि समोर थांबलेल्या जीपमधले पोलीस त्यांना घेऊन जातात. जुने, उकल न झालेले गुन्हे कुणाच्या तरी नावावर टाकायचे असतात ना. हे चालू असताना आमच्या सहा नंबरातला एक पोरगा उठून पाणी प्यायला गेला आणि मग दाराजवळच बसला. हे मला पुष्कळ नंतर आठवलं. त्यातून काही अर्थ काढत नाही. तहान लागली असेल.

चित्रपट संपल्यावर हॉलमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. मग चर्चा झाली, आणि चांगली झाली. साक्रीकडच्या एका मुलानं राईनपाड्याचा विषय काढला. १ जुलै २०१८, रविवारचा आठवडे बाजार, पोरं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा, आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. आमच्या खान्देशातलं, धुळे जिल्ह्यातलं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एक जण म्हणाला, ‘‘सर, ती अडाणी गर्दी होती. आपण शिकलेले आहोत भो.’’ मी त्या वाक्यावर मान डोलावली होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता पैशांचं.

थंडी पडली की खान्देशात भरीत पार्टी ठरलेलीच. कुणाच्या तरी शेतात जायचं, भरताची मोठी हिरवी वांगी काड्यांवर भाजायची, बडगीत ठेचायची, पातीचा कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. वसतिगृहाची पार्टी रविवारी होती. प्रत्येकी दीडशे रुपये वर्गणी. शुक्रवार संध्याकाळपर्यंत ५६ पोरांनी दिली होती, म्हणजे ८,४०० रुपये. ते मेस सेक्रेटरीनं, तोही विद्यार्थीच, चार नंबरच्या खोलीत एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवले होते. डबा पेटीत, पेटीला कुलूप नाही. जेवणाआधी बघतो तर डबा आहे, पैसे नाहीत.

सेक्रेटरी पळत माझ्याकडे आला. मी विचारलं, ‘‘खोलीत कोण येऊन गेलं?’’ त्यानं चार-पाच नावं घेतली आणि शेवटी म्हणाला, ‘‘दुपारी सहा नंबरचा एक जण होता सर, बराच वेळ.’’ त्यावर मी ते पहिलं वाक्य बोललो.

इथे थांबून खोली नंबर सहा म्हणजे काय ते सांगायला हवं. सहा नंबरात चार पोरं : यावलकडचे दोन तडवी, चोपड्याचा एक पावरा, आणि पारोळ्याकडचा पारधी समाजातला एक. ही वाटणी जूनमध्ये मीच केली होती. ‘आपल्या आपल्यात राहिली तर पोरांना करमतं,’ असा माझा युक्तिवाद होता. वास्तविक तडवी, पावरा आणि पारधी यांच्या बोली एकमेकांना कळत नाहीत. त्या चौघांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच होती, माझ्या यादीतला प्रवर्गाचा रकाना. त्यामुळे त्या संध्याकाळी मी कुणाची जात उच्चारली नाही. मी नंबर उच्चारला. ऐकणाऱ्या सगळ्यांना तो बरोबर कळला.

झडती पंधरा मिनिटं चालली असेल. पोरांनीच घेतली, मी दारात उभा. तडवी मुलांच्या पेट्या उघडल्या, पावऱ्याची उघडली, पण त्या सगळ्या वरवर. मग चौथी. पत्र्याची निळी पेटी, झाकणाच्या आत सप्तशृंगीचं चित्र चिकटवलेलं. सेक्रेटरीच्या मित्रानं ती उचलून सरळ कॉटवर पालथी केली. दोन पँटी, घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी, जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सची प्लास्टिकची पिशवी, टेस्टर, इन्सुलेशन टेप, आणि एक पांढरा शर्ट, छातीपासून खांद्यापर्यंत काळपट डागांचा. शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेले २,६०० रुपये. पाचशेच्या पाच नोटा आणि एक शंभराची.

‘‘एवढे कुठून आले रे?’’ हे कोण म्हणालं ते आठवत नाही. मी नव्हतो असं मला वाटतं, पण खात्री नाही.

तो म्हणाला, ‘‘दिवाळीत रावेरला केळीच्या गाडीवर होतो सर. त्याचे आहेत.’’

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘‘चोराच्या उलट्या बोंबा.’’ तो गप्प झाला. त्यावर दुसरा म्हणाला, ‘‘खाई त्याला खवखवे.’’ आपल्या भाषेनं दोन्ही बाजूंची सोय करून ठेवली आहे. बोललास तर एक म्हण, गप्प राहिलास तर दुसरी. निर्दोष माणसानं अशा वेळी नेमकं कसं वागावं, याची म्हण मला अजून सापडलेली नाही.

८,४०० पैकी २,६०० म्हणजे हिशेब जुळत नव्हता, म्हणून मी म्हणालो, ‘‘बरं, राहू द्या. उद्या बघू.’’ हे मला तेव्हा समजूतदारपणाचं वाटलं. पैसे त्याला परत दिले. पोरं आपापल्या खोलीत गेली. तो खाली बसून पेटी भरत होता, आणि चटणीची पुडी फुटून सगळ्या कपड्यांना लागली होती.

यातल्या दोन गोष्टी मला रविवारी कळल्या. पार्टी रद्द झाली नाही, पुन्हा वर्गणी काढली. सगळ्यांनी दिली, त्यानंही दिली. शेतात मी वांगी भाजायला बसलो होतो आणि सेक्रेटरी वांगीवाल्याचे पैसे मोजत होता : शंभर, पन्नास, पन्नास, शंभर, वीस-वीसच्या. दीडशेची वर्गणी अशाच नोटांत जमते. त्या शर्टात पाचशेच्या पाच नोटा होत्या. हे कळायला पदवी लागत नाही, पण दारात उभा असलेला राज्यशास्त्राचा प्राध्यापक ते पाहू शकला नाही. आणि तो शर्ट! केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, तो कशानंही निघत नाही. रावेर-सावद्याकडे केळीच्या मजुराचे कपडे लांबूनच ओळखू येतात. ज्या शर्टातून पैसे निघाले तो शर्टच ते कुठून आले ते सांगत होता. मी याच जिल्ह्यात जन्मलो, आणि मला तो मळका दिसला.

दुसरी गोष्ट सेक्रेटरीनं स्वतःच सांगितली, जरा वरमून. तो मुलगा दुपारी चार नंबरात बराच वेळ होता, कारण सेक्रेटरीनंच त्याला बोलावलं होतं. पाणी तापवायच्या कॉइलचा प्लग जळाला होता. वायरिंगचं काम त्याला येतं, सगळं वसतिगृह त्याच्याकडून करून घ्यायचं. पण खोलीत कॉइल वापरायला बंदी आणि पाचशे रुपये दंड, म्हणून सेक्रेटरीनं मला ‘तो होता’ एवढंच सांगितलं, ‘का होता’ ते गाळलं. आणि त्या मुलानं? त्यानंही गाळलं. सेक्रेटरीला दंड होऊ नये म्हणून.

चित्रपटात राजाकण्णूला त्या श्रीमंत घरी का बोलावतात? घरात साप निघतो म्हणून. तो साप पकडतो आणि निघून जातो. पुढे दागिने गेले की त्याचंच नाव निघतं, कारण तो घरात येऊन गेला होता. कामाला हाक मारून आत घेतलेला माणूस काम संपलं की ‘आत येऊन गेलेला’ माणूस होतो. बारा दिवसांपूर्वी हे बघताना आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती पोरं ढोंगी नव्हती, हे मी ठामपणे सांगतो. पडद्यावर खलनायक कोण ते कळत होतं, त्याला खाकी होती, मिशी होती, पार्श्वसंगीत होतं. चार नंबर ते सहा नंबर या पंधरा पावलांत कुठेच संगीत वाजलं नाही.

सोमवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, उद्यापासून अपडाउन करतो. मी म्हणालो, अरे, कुणी काही म्हटलं का तुला? तो म्हणाला, नाही सर. मी म्हणालो, मग? त्यावर त्यानं पासचा अर्ज पुढे केला, सहीसाठी. पारोळ्याच्या बाजूनं रोज सकाळची एसटी, संध्याकाळची परत. मी सही केली. पैसे कुणी घेतले ते आजही माहीत नाही.

मराठीत आळ आणि आरोप हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. या प्रकरणानंतर मला ते वेगळे दिसायला लागले. आरोपाला कागद असतो. तो कुणी केला, कधी केला, कशाच्या बळावर केला, हे लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं खोडता येतं. आळ नुसता येतो. कुणी आणला ते सांगता येत नाही, त्यामुळे ‘जा’ असं कुणाला सांगायचं तेही कळत नाही. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, असं आपण घरोघरी ऐकतो, ते स्यमंतक मण्याच्या कथेवरून. त्या कथेत श्रीकृष्णाला कुणी दरबारात उभं केलं नव्हतं. नुसती कुजबुज होती. म्हणून त्याला स्वतः रानात जाऊन, जांबवानाच्या गुहेत शिरून, अनेक दिवस झुंज घेऊन मणी आणून द्यावा लागला. देवाला जमलं. केळीच्या गाडीवर काम करणाऱ्या पोरानं ८,४०० रुपये कुठल्या गुहेतून आणायचे?

या नजरेनं ‘जय भीम’ पुन्हा पाहिला तेव्हा त्यातली मारहाण मागे पडली आणि कागद पुढे आले. चंद्रू पहिली गोष्ट कोणती करतात? बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका. म्हणजे, माणूस तुमच्या ताब्यात होता, तो आणून दाखवा. अशा याचिकेत सहसा साक्षीपुरावे होत नाहीत, तर ते आणीबाणीतल्या केरळच्या राजन प्रकरणाचा दाखला देऊन साक्षीदार तपासण्याची परवानगी मिळवतात. मग एकेक नोंद, एकेक जबाब, एकेक तारीख. हवेत फिरणारी ‘ते चोरच असतात’ ही कुजबुज ते कोर्टाच्या कागदावर उतरवायला लावतात, आणि कागदावर आल्याबरोबर ती टिकत नाही. प्रत्यक्षातही पोलिसांना शिक्षा झाली, पण २००६ मध्ये. तेरा वर्षांनी.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं एक प्रकरण तर याहून लांबलं. २००३ मधला दरोडा, खून आणि बलात्काराचा गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच सर्वोच्च न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोडवलं कशानं? घटनेनंतर लगेच प्रत्यक्ष साक्षीदारानं पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसं ओळखली होती, आणि ते चौघे वेगळेच होते. त्यांचा तपासच झाला नाही. ती नोंद कागदपत्रांत सोळा वर्षं पडून होती. पण होती. म्हणून सुटले.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मालाच गुन्ह्याची खूण केली. तो १९५२ मध्ये, ३१ ऑगस्टला रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. वर्गात मी हे दरवर्षी शिकवायचो, प्रश्नही काढायचो पाच गुणांचा. तुरुंगांच्या नियमावलीतले या जमातींना सराईत गुन्हेगार ठरवणारे उल्लेख सर्वोच्च न्यायालयानं काढायला लावले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. माझ्या वसतिगृहाच्या नियमावलीत असला एकही शब्द नव्हता. ती अगदी स्वच्छ होती. पण चोरी झाली तर काय करायचं हेही तिच्यात नव्हतं, त्यामुळे त्या रात्री जे करायचं ते माझ्या मनात जसं आलं तसं झालं.

पोलिसांनासुद्धा घराची झडती घ्यायची तर दोन पंच लागतात, पंचनामा लागतो. आणि काही नाही सापडलं तर पंचनाम्यात लिहावं लागतं : ‘झडतीत काहीही मिळून आले नाही.’ कोरडं, सरकारी वाक्य. त्या मुलाला तेवढं एक वाक्य मिळालं असतं तरी पुरलं असतं. मी ‘उद्या बघू’ म्हणालो आणि प्रकरण मिटवलं, असं मला वाटलं. आरोप ठेवलाच नाही, म्हणून तो फेटाळलाही नाही. उघड्या पेटीसारखं ते तसंच राहिलं.

फेब्रुवारीत मी त्याला एक पत्र लिहिलं, हातानं, साध्या कागदावर. ‘तुझ्यावर कोणताही आरोप नव्हता आणि नाही,’ वगैरे. मनापासून लिहिलं होतं. चार दिवसांनी त्याची आई आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. पत्र तिनं पदराच्या गाठीतून काढलं, चार घड्या घातलेलं. पोरानं वाचून दाखवलं होतं.

‘‘सर, आळ नव्हता ना, मंग पेटी कसाले उघाडी?’’

मी काहीतरी बोललो. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि कागद टेबलावर ठेवला. त्यांच्या गावचा एक पोरगा आमच्याच वसतिगृहात होता, त्यामुळे गोष्ट गावात पोचली होती. गावात कुणाचं काही हरवलं की आधीच यांच्या दारात लोक येतात, आता तर काय. तिला भांडायचं नव्हतं. तिला एकच हवं होतं.

‘‘यावर शिक्का मारी द्या. बिनशिक्काना कागदले कोन इचारस?’’

मी तिला घेऊन ऑफिसात गेलो. आमचे क्लार्क म्हणाले, शिक्का असा मारता येत नाही सर, लेटरहेडवर घ्या, जावक नंबर पडायला पाहिजे. मी लेटरहेडवर नव्यानं लिहायला बसलो, आणि या वेळी ‘आरोप नव्हता’ असं लिहिलं नाही. लिहिलं : ‘दिनांक अमुक रोजी वसतिगृहात सदर विद्यार्थ्याच्या सामानाची झडती घेण्यात आली. झडतीत काहीही मिळून आले नाही. त्याच्याजवळची रक्कम त्याच्या मजुरीची होती.’ खाली सही केली.

क्लार्कनं जावक रजिस्टर उघडलं, नंबर टाकला, तारीख टाकली आणि पेन थांबवला.

‘‘विषय काय टाकू?’’

‘‘झडतीबाबत.’’

‘‘झडती झाली होती? आपल्याकडे तर काही नोंद नाही सर.’’

आई दाराशी उभी होती, कागदाकडे बघत.

‘‘झाली होती,’’ मी म्हणालो. ‘‘मी घ्यायला लावली होती. लिहा.’’